फोटोवाला म्हणतो, माझ्याकडे बघू नका



तुळशीचे लग्न लागले की आपल्या भागात दोन हंगाम एकदमच सुरू होतात. एक गळिताचा आणि दुसरा लग्नसराईचा. एकीकडे तोड कधी मिळणार म्हणून चिटबॉयच्या मागे फिरायचे आणि दुसरीकडे मंडपवाला, आचारी, वाजंत्री यांना इसार देत हिंडायचे. ऊसबिलाचा हप्ता हातात पडतो न पडतो तोच त्याला वाटा फुटलेल्या असतात. या सगळ्या यादीत फोटोवाल्याचे नाव बहुधा शेवटी येते. "त्याचं काय, बघू की!" असे म्हणून आपण तो विषय बाजूला ठेवतो.

पण जरा विचार करा. पंगती उठतात, मंडप उतरतो, बँडवाले पैसे मोजून घेऊन दुसऱ्या गावाला जातात, आहेराची पातळे कपाटात जातात. दहा वर्षांनी त्या दिवसाचे घरात काय उरते? फोटो उरतात. म्हणजे ज्याला आपण सर्वांत शेवटी विचारले, त्याचेच काम सर्वांत जास्त टिकते. म्हणून या लेखात लग्नाच्या फोटोविषयी आणि अलीकडे सर्वांच्या तोंडी असलेल्या 'कँडिड' या शब्दाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

ताठ उभे राहण्याचे कारण

आपल्या आजोबा-पणजोबांचे फोटो काढून बघा. सगळे कसे दरबारात उभे असल्यासारखे. चेहऱ्यावर हसू नाही, हात गुडघ्यावर, नजर समोर. पुष्कळांना वाटते की जुनी माणसेच गंभीर होती. तसे काही नाही. कारण यंत्राचे होते, माणसांचे नव्हते.

फोटोग्राफीची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या काळातील नामांकित फोटोग्राफर होते. म्हणजे ही विद्या आपल्याकडे उशिरा आली असे मुळीच नाही. मात्र त्या काळच्या काचा उजेड इतका सावकाश पकडत की समोरच्या माणसाला कित्येक सेकंद हलता येत नसे. स्टुडिओत मानेमागे लोखंडी आधार लावून ठेवीत. अशा अवस्थेत हसू कोण टिकवणार?

पुढे रोल आला, पण मग खर्चाचा प्रश्न आला. १२० नंबरच्या रोलमध्ये चौकोनी फोटो निघत ते बारा. पस्तीस मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल असो की परदेशी, एकेका फोटोला पैसे पडत. लग्नाला तीन-चार रोल आणले की फोटोवाला हातचे राखूनच बटण दाबणार. म्हणून ठरलेले फोटो ठरल्या क्रमाने निघत. हार घालताना "थांबा!", घास भरवताना "थांबा!", आहेर देताना "थांबा, इकडं बघा!" एक आहेर दोघांनी दोन टोकांना धरलाय आणि तिघेही कॅमेऱ्याकडे बघताहेत, असे फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहेत. त्यात फोटोवाल्याचा दोष नाही. फुकट जाणारा एक फोटो त्याला परवडत नव्हता.

टोपीत कॅमेरा लपवणारा वकील

यातून बाहेर पडण्याची वाट प्रथम वर्तमानपत्रवाल्यांनी काढली. जर्मनीत डॉ. एरिक सालोमन नावाचे एक गृहस्थ होते. शिक्षणाने ते कायद्याचे डॉक्टर. १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा लहानसा कॅमेरा बाजारात आला. त्याचे भिंग इतके मोठे आणि तेजस्वी होते की दिवाणखान्यातील साध्या दिव्यांच्या उजेडातही फोटो निघे. सालोमन यांनी हा कॅमेरा आपल्या टोपीत लपवून न्यायालयात नेला आणि चालू खटल्याचे फोटो काढले. मोठमोठ्या परिषदांत मुत्सद्दी जांभया देताना, कानात कुजबुजताना, थकून डोळे मिटून बसलेले असताना त्यांनी टिपले. फ्रान्सचे आरिस्तीद ब्रियां तर त्यांना आगंतुकांचा राजाच म्हणत. सालोमन यांच्या या फोटोंमुळेच इंग्रजी पत्रांत 'कँडिड' हा शब्द कॅमेऱ्याला चिकटला. कँडिड म्हणजे निर्भेळ, आडपडदा नसलेला. हे सालोमन ज्यू होते. १९४४ साली आउशवित्झच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला.

त्याच सुमारास, १९२५ साली, लायका हा खिशात मावणारा कॅमेरा आला. ऑस्कर बार्नाक यांनी तो सिनेमाच्या फिल्मवर चालेल असा बनवला होता. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी जन्मभर हाच कॅमेरा वापरला. फ्लॅश नाही आणि समोरच्याला सूचना नाहीत, ही त्यांची रीत. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची अखेरच्या दिवशी भेट घेणाऱ्यांत तेही होते.

आपल्या देशात श्रीमती होमाई व्यारावाला यांचे नाव घ्यावे लागेल. जन्म १९१३, नवसारीचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या बाई भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, वजनदार कॅमेरा खांद्याला लावून त्या समारंभातून वावरत. पंडित नेहरूंचे कितीतरी मोकळे, सहज फोटो त्यांचेच. १९७० साली त्यांनी काम थांबवले. नव्या फोटोग्राफरांची धक्काबुक्की आणि बेशिस्त त्यांना रुचेना. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, २०१२ साली त्या गेल्या. त्यांचा शिष्टाचाराचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उसाच्या राज्यातला लग्नाचा फोटोग्राफर

आता मुख्य गोष्ट. वर्तमानपत्राची ही रीत लग्नाच्या मांडवात कोणी आणली? अनेकांनी थोडीथोडी आणली, पण जे नाव नेहमी पुढे येते ते अमेरिकेच्या डेनिस रेजी यांचे. लग्नातील वृत्तछायाचित्रण या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग त्यांच्याच नावाशी जोडला जातो.

रेजी हे लुइझियाना राज्याचे. आपल्याला हे राज्य परके वाटायला नको, कारण ते उसाचे राज्य आहे. तिथे १७९५ साली एत्येन द बोरे यांनी उसाच्या रसापासून दाणेदार साखर पाडून दाखवली आणि मिसिसिपी नदीकाठी उसाचे पीक फोफावले. थंडीत दव गोठून ऊस खराब होतो, म्हणून त्यांना सप्टेंबर अखेरीपासून तीन-साडेतीन महिन्यांत गळीत उरकावे लागते. शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे कारखाने तिथेही निघाले. रेजी घराण्याचे क्रोली हे गाव मात्र भाताच्या पट्ट्यातले.

डेनिस यांचे वडील एडमंड रेजी क्रोलीचे न्यायाधीश. त्यांचे पूर्वज लेबनॉनमधून अमेरिकेत गेलेले. १९५६ सालापासून त्यांचा जॉन केनेडी यांच्याशी स्नेह जडला. पुढे १९९२ साली डेनिस यांची बहीण व्हिक्टोरिया आणि सिनेटर एडवर्ड केनेडी यांचे लग्न झाले. म्हणजे मोठ्या घरची उठबस या फोटोग्राफरला लहानपणापासून माहीत. कुठे पुढे व्हावे आणि कुठे मागे सरावे हे त्याला शिकवावे लागले नाही.

रेजी यांचे म्हणणे थोडक्यात असे. लग्न ही खरी घडणारी घटना आहे, ते नाटक नव्हे. फोटोग्राफर तिचा दिग्दर्शक नव्हे, साक्षीदार आहे. "असं करा, तसं उभे रहा" म्हणून त्याने मध्ये पडू नये. घडते ते आधी ओळखावे, योग्य जागी उभे राहावे आणि घडले की टिपावे. आज हे ऐकायला सोपे वाटते. पण ज्या काळात वधूवरांना घेऊन तासभर ठरावीक फोटो काढणे हाच धंदा होता, त्या काळात असे सांगणे म्हणजे पाण्याचा प्रवाह उलटा फिरवण्यासारखे होते.

त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो २१ सप्टेंबर १९९६ चा. नवरदेव होता जॉन केनेडी धाकटा, म्हणजे १९६३ साली खून झालेल्या अध्यक्ष केनेडींचा मुलगा. याच मुलाने २५ नोव्हेंबर १९६३ रोजी, आपल्या तिसऱ्या वाढदिवशीच, वडिलांच्या शवपेटीला केलेला सलाम स्टॅन स्टर्न्स या वार्ताहराच्या कॅमेऱ्याने टिपला होता आणि तो साऱ्या जगाने पाहिला होता. जन्मभर कॅमेरे त्याच्या मागे लागले. म्हणून त्याने कॅरोलिन बेसेट हिच्याशी लग्न केले ते जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावरील कंबरलँड बेटावर. या बेटाला पूल नाही, होडीनेच जावे लागते. पाहुणे सुमारे चाळीस. देऊळ म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांनी १८९३ साली स्थापन केलेले लहानसे लाकडी चर्च. वीज नाही. विधीला उशीर झाला, अंधार पडला आणि मेणबत्त्यांच्या उजेडात लग्न लागले.

चर्चमधून बाहेर पडताना नवरदेवाने नवरीचा हात हातात घेतला आणि त्यावर ओठ टेकवले. नवरीच्या चेहऱ्यावर हसू फुटले. क्षणाचा खेळ! रेजी यांनी तो टिपला. कोणी "थांबा" म्हटले नाही, कोणी "पुन्हा एकदा करा" म्हटले नाही. तो एक फोटो जगभर छापून आला.

१६ जुलै १९९९ रोजी विमान समुद्रात कोसळून ते दोघेही गेले. संसार तीन वर्षांचाही झाला नाही. पण तो अंधारातला फोटो आहे, आणि त्यात ते आनंदात आहेत.

पाटाचे दार आणि कॅमेऱ्याचे दार

आता यातील कसब समजून घेऊ. ज्याने रात्री दारे धरली आहेत त्याला ते समजायला वेळ लागणार नाही.

उजेड म्हणजे पाणी समजा. पाटाचे दार किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, या दोन गोष्टींवर वाफा भरतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचे तोंड लहानमोठे करता येते, ते झाले दार. पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, ती झाली पाण्याची पाळी. तिसरी गोष्ट जमिनीची. काही जमीन पाणी पटकन पिते, काही सावकाश. तसे कॅमेऱ्याचा आतला भाग उजेडाला किती तत्पर ठेवायचा हेही ठरवता येते, मात्र फार तत्पर केला की चित्र दाणेदार, खरबरीत होते.

अक्षता हवेत असताना एकेक तांदूळ स्पष्ट दिसायला हवा असेल तर पडदा सेकंदाच्या अडीचशेव्या भागापुरता, किंवा त्याहूनही कमी वेळ उघडावा लागतो. सेकंदाचा साठावा भाग ठेवला तर तांदळाच्या रेघा दिसतात. आणि वेळ कमी केली की दार मोठे हवे. म्हणून मोठ्या तोंडाचे, महागडे भिंग फोटोवाला बाळगतो. मंडपाचे छत लालभडक कापडाचे असले तर सगळ्यांचे चेहरे तांबडे येतात, पांढरे असले तर उजेड मऊ पसरतो. मंडप सांगताना एवढे ध्यानात ठेवले तरी फोटोत निम्मा फरक पडेल, आणि त्याला जादा पैसा लागत नाही.

पण खरे कसब यंत्रात नाही, ते विधी जाणण्यात आहे. अंतरपाट कोण धरणार, मामा कुठे उभे राहणार, मंगलाष्टके किती झाली आणि किती उरली, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातातून वेळ निसटणारच. अंतरपाट दूर होतो तेव्हा सारा मांडव नवरानवरीकडे बघत असतो. जाणता फोटोवाला एक डोळा त्यांच्यावर आणि दुसरा मुलीच्या बापावर ठेवतो. ताठ मानेचा तो माणूस त्या घडीला उपरण्याने डोळे पुसत असतो. तो फोटो कोणी मागितलेला नसतो, पण मुलगी जन्मभर जपून ठेवते ती तोच.

आता काही ठिकाणी भलतेच चालते. "हसा, एकमेकांकडं बघा, माझ्याकडं बघू नका, हां, आता पुन्हा!" असे म्हणून काढलेल्या फोटोलाही कँडिड म्हणतात. हा गुळाच्या ढेपेला साखरेचे पोते म्हणून विकण्याचा प्रकार झाला. गूळ वाईट नाही, पण नाव खरे सांगा.

आणखी एक हिशेब. आता कॅमेऱ्यात रोल नाही, म्हणून दिवसभरात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. पण शंभर किलो उसातून साखर दहा-अकरा किलोच मिळते, बाकीचा चोथा, मळी आणि पाणी. फोटोंचेही तसेच. चांगला फोटोवाला निवड करतो, आणि उतारा त्या निवडीत आहे. "सगळे द्या" म्हणून चार हजार फोटो घरी आणले तर ते पुन्हा कोणी उघडून बघत नाही.

कोपऱ्यातली माणसे

हे सारे श्रीमंतांचे चोचले आहेत, असे काही सभासद म्हणतील. म्हणून आता आपल्या घरचे बोलू.

घराच्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो जरा जवळ जाऊन पाहा. पुष्कळ घरांत तो कोणाच्यातरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला असतो. चेहरा पुसट, खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात. कारण त्या माऊलीचा वेगळा असा फोटो हयातीत कोणी काढलाच नाही. लग्नात ती होती कुठे? भांडारघरात, चुलीपाशी, नाहीतर पोरांना झोपवीत. स्टेजवर बोलावले तर "माझा कशाला?" म्हणून पदर ओढून मागे झालेली. उसाची लागण, खुरपणी, भांगलण केलेली ती बाई आयुष्याला एकदाच कॅमेऱ्यासमोर आली, तीही गर्दीत तिसऱ्या ओळीत.

स्टेजवरून हलायला तयार नसलेला फोटोवाला तिच्यापर्यंत पोचत नाही. हिंडता-फिरता, न सांगता टिपणारा पोचतो. पुऱ्या लाटताना हसणाऱ्या चौघी, वऱ्हाडाची वाट बघत पारावर बसलेले म्हातारे, नव्या कपड्यात अवघडलेला घरगडी, हे त्याच्या कॅमेऱ्यात येतात.

याहूनही मोठी गोष्ट विधवा बहिणींची. पोटच्या मुलीच्या लग्नात आईने मागे उभे राहायचे, हळदीला हात लावायचा नाही, फोटोत यायचे नाही, अशी आपली रीत होती आणि कित्येक घरांत अजून आहे. आपल्याच पट्ट्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि १७ मे २०२२ रोजी शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही तसे करावे असे सुचवले. ठराव कागदावर झाला. तो घरात उतरला की नाही हे लग्नाच्या अल्बमात दिसते. ज्या आईने एकटीने ऊस पिकवून लेकीचे लग्न केले, तिचा चेहरा अल्बमात पहिल्या पानावर आहे की मुळीच नाही, एवढे बघितले की पुरे. इथे फोटोवाल्याच्या भरवशावर राहू नका. तिला पुढे आणायचे काम घरच्यांचेच.

ठरवून घ्यायच्या गोष्टी

शेवटी चार व्यवहाराच्या सूचना. फोटोवाल्याला इसार देतानाच बोलून घ्याव्यात.

पहिली. घरातील वडीलधाऱ्यांची नावे लिहून द्या आणि त्यांची ओळख पटवून देणारा एक पोरगा त्याच्या सोबत ठेवा. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक तरी स्वच्छ, एकट्याचा फोटो निघालाच पाहिजे.

दुसरी. स्टेजवर एका वेळी दोनच कॅमेरे. पाचशे माणसे अक्षता हातात घेऊन उभी आणि त्यांना दिसते काय, तर फोटोवाल्यांच्या पाठी! पाहुण्यांच्या मोबाइललाही हाच नियम लावा.

तिसरी. मर्यादा. न सांगता फोटो काढायचा म्हणजे वाटेल तो काढायचा असे नव्हे. जेवताना तोंडात घास असलेला, पदर ढळलेला, शोकाने विस्कटलेला माणूस टिपू नये, चुकून टिपला गेला तर तो पुसावा. होमाईबाईंना जे खटकले ते हेच. लेकीबाळींचे फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय मोबाइलवरून गावभर फिरवणार नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

चौथी. जतन. जुना काळापांढरा फोटो नीट धुतलेला असला तर पन्नास-साठ वर्षे टिकला आहे. धुण्यात कसर राहिली तिथे पिवळा पडला. आताचे फोटो डब्यात बंद असतात आणि डबा बिघडला की सगळेच जाते. म्हणून दोन प्रती दोन घरांत ठेवा, एक सासरी आणि एक माहेरी. शिवाय निवडक पन्नास-शंभर फोटो कागदावर छापून घ्याच. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नावे व तारीख लिहा, नाहीतर नातवंडे विचारतील, "ही बाई कोण?" आणि सांगणारे कोणी नसेल.

ग्रुप फोटो मात्र सोडू नका. सगळे भाऊबंद एका ओळीत उभे राहण्याचा प्रसंग वारंवार येत नाही. तिथे खुशाल ताठ उभे राहा आणि कॅमेऱ्याकडे बघा. बाकी दिवसभर आपापल्या कामात राहा, हसा, रडा, पाहुण्यांना आग्रह करा. फोटोवाल्याचे काम फोटोवाल्याला करू द्या.

यंदाच्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मंगलकार्ये आहेत, त्या सर्व सभासदांना शुभेच्छा!